आधी माग, मग घर

गल्लीतली मुलं त्यांना गुंडाबाई म्हणायची, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. नाव मूळचं नवऱ्याने दिलेलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका सकाळी तो घाईघाईने बुटात पाय घालायला गेला, तर पाय आत जाईना. आत लोकरीचा गुंडा दडून बसलेला. "आमच्या घरात गुंडे शिरलेत," असं तो जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला म्हणाला, आणि तिथून ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे लोक लोकर विसरले आणि नुसती गुंडगिरी लक्षात ठेवली.

त्यालाही कारण होतं. बाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर बसायच्या. नळ कोरडा म्हणून तावातावाने आलेल्या माणसाचं त्या आधी सगळं ऐकून घ्यायच्या, मध्ये एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि तो थांबला की म्हणायच्या, "तुमचं झालं? आता माझं ऐका." त्या वाक्यापुढे भलेभले वरमायचे. त्यांचं कचेरीतलं टेबल असं लख्ख, की साहेब नव्या लोकांना मुद्दाम दाखवायला आणत. घरी मात्र सगळा आनंदीआनंद होता.

विणकाम त्यांनी वडिलांकडून उचललं होतं. वडील एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते आणि पहाऱ्यावर बसून मोजे विणायचे. लोक हसायचे. वडील म्हणायचे, "हात रिकामे राहिले की डोळे मिटतात. मला पगार डोळे उघडे ठेवायचा मिळतो." बाईंनी त्यांच्याकडून सुया घेतल्या, पुढे स्वतःहून टकळी शिकल्या, मग लोकर रंगवायला लागल्या. निवृत्त झाल्या तेव्हा कचेरीतले लोक त्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायच्या बेतात होते. बाईंनी सरळ सांगितलं, "घड्याळ नको. आयुष्यभर घड्याळच बघितलं. मला माग हवाय." एक हस्तकला शाळा बंद पडली होती, तिथला जुना लाकडी माग त्यांनी हेरून ठेवला होता. तो सुटा करून टेम्पोत घालून आणला, हॉलच्या खिडकीपाशी उभा केला, आणि त्या दिवसापासून घरात चालायचं म्हणजे आडवं होऊन चालावं लागायला लागलं.

पसारा होता, हे बाई स्वतःही नाकारत नव्हत्या. लोकर बिघडलेल्या ओव्हनमध्ये होती, कुकरच्या खोक्यात होती, सुटकेसमध्ये होती. रंगवलेल्या लडी न्हाणीघरातल्या दांडीवर टांगलेल्या असायच्या, आणि अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर कांद्याच्या सालांचं पिवळं पाणी ठिबकायचं. क्रोशाच्या सुया दात घासायच्या ब्रशांत जाऊन उभ्या राहिलेल्या. हवी ती गोष्ट सापडायची नाही म्हणून बाटलीसारखी हिरवी लोकर पुन्हा पुन्हा विकत आणलेली. नवरा नकाशे काढणारा माणूस, पेन्सिलीसुद्धा टोकाच्या उतरत्या क्रमाने ठेवणारा. तो वर्षानुवर्षं निमूटपणे सहन करत आला होता. बाईही म्हणायच्या, "आवरते एकदा सवडीने." ती सवड म्हणजे भिजत घोंगडंच.

मग लेकीने एक दिवस सांगितलं की तिने लग्न ठरवलंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला. त्याचे आईवडील येत्या रविवारी भेटायला येणार होते.

"आनंद आहे," बाई म्हणाल्या.

"आई, आनंद आहे ते ठीक आहे. त्यांना बसवायचं कुठे?"

बाईंनी सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर धुतलेली कच्ची लोकर वाळत होती. "आवरते," त्या म्हणाल्या, आणि या वेळी खरंच आवरणार होत्या. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय मोरीत घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि बाई हातातलं टाकून तिच्या गावी, दवाखान्यात जाऊन बसल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मागाला हात लावू नका. बाकीचं मी शनिवारी येऊन बघते."

मागावर तेव्हा एक पांघरूण होतं. आजवर त्यांनी जे विणलं ते दुसऱ्याच्या अंगावर गेलं होतं. हे मागावरचं पहिलंच स्वतःसाठी. राखाडी, विटकरी, आणि मधूनच एक हिरवी रेघ. उभे धागे एकेक करून मागाच्या फणीतून ओवताना त्यांची पाठ धरली होती, डोळ्यांतून पाणी आलं होतं. विणून निम्म्याला आलं होतं.

शनिवारी दुपारी त्या परतल्या. दार लेकीने उघडलं, चेहरा फुललेला.

"आई, डोळे मीट."

बाईंनी डोळे मिटले. लेकीने हाताला धरून आत नेलं. "आता उघड."

हॉल ओळखू येईना. सोफा रिकामा, त्यावर नवे अभ्रे. शोकेसच्या काचा पुसलेल्या. भिंतीला लागून प्लॅस्टिकचे पारदर्शक डबे एकावर एक रचलेले आणि प्रत्येकावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी. अक्षर वन्संचं होतं. नवऱ्याची ही थोरली बहीण शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि खालच्याच मजल्यावर राहायची. "लोकर — लाल." "लोकर — निळी." "सुया." वन्सं स्वतः सोफ्यावर बसल्या होत्या, बक्षीस समारंभाला बसल्यासारख्या. खिडकीपाशी माग नव्हता. तिथे एक कुंडी होती.

"माग कुठाय?" बाईंनी विचारलं.

"बाल्कनीत. सुटा करून ठेवलाय, वरून झाकलाय," लेक म्हणाली. "आई, भिजणार नाही अजिबात."

"त्याच्यावर ताणा चढवलेला होता. उभे धागे सगळे."

लेकीने वन्संकडे पाहिलं. मग वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ती दोऱ्यांची गुंतवळ सोडवत बसलो असतो तर रविवार तिथेच उजाडला असता."

बाई डब्यांपाशी गेल्या. लाल, निळी, पांढरी बघत बघत खाली वाकल्या. सगळ्यात खालच्या डब्यावर चिठ्ठी होती, "लोकर — इतर." आत त्यांचं पांघरूण गुंडाळी करून, रिबिनीने बांधून ठेवलेलं होतं. कापलेल्या धाग्यांची टोकं एका रेषेत होती.

"कापलं कोणी?"

"मी सांगितलं म्हणून," वन्सं म्हणाल्या.

"सांगितलं कोणी ते मी विचारलं नाही, वन्सं. कापलं कोणी?"

नवरा दारात उभा होता. "मी," तो म्हणाला.

"कशाने?"

"नकाशाच्या पात्याने."

"तरीच. कापलंय मात्र सरळ."

तो खाली बघायला लागला. बाईंना रडू आलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले, चहा टाकला, आणि चौघांसाठी कप भरून बाहेर आल्या. सगळे बसल्यावर म्हणाल्या, "तुमचं झालं? आता माझं ऐका. घर आवरायचंय ना? उद्या तुमचे पाहुणे घरी नकोत. त्यांना मी बाहेर हॉटेलात भेटेन, चांगली वागेन. पण त्यांना घरी बोलवायचं ते पुढच्या रविवारी. तोवर घर मी आवरणार. आणि मी आवरताना मध्ये कोणी बोलायचं नाही."

"आई, त्यांना काय सांगू मी?"

"सांग की आईच्या बहिणीचा पाय मोडलाय. खोटं नाही ते."

सोमवारी सकाळी त्यांनी सगळे डबे हॉलच्या मध्यावर उपडे केले. ओव्हन रिकामा केला, सुटकेस उघडली. सुटकेसमधून पतंगासारखा बारीक सोनेरी किडा उडाला. कसर लागली होती. वर वर चांगल्या दिसणाऱ्या लडी हातात घेतल्या की तुटून पडत होत्या. त्यात वडिलांनी दिलेली शेवटची लोकरही होती. आवरायला सवड नव्हती म्हणून ती गेली, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. कसर लागलेली सगळी लोकर त्यांनी स्वतःच्या हाताने काळ्या पिशवीत भरली आणि कचऱ्याच्या गाडीपर्यंत स्वतः नेऊन टाकली.

परत येऊन त्या उरलेल्याकडे वळल्या. एकेक अर्धवट काम उचलायचं, हे कोणाचं ते आठवायचं, आणि ठेवायचं. जेवणाची वेळ झाली तेव्हा समोर दोन ढीग होते. एक खांद्याएवढा, दुसरा गुडघ्याएवढासुद्धा नाही. नवरा दारातून बघत होता. मध्ये बोलायचं नाही हे त्याने पाळलं, पण नजर विचारत होती.

"हा मोठा आहे ना," बाई म्हणाल्या, "तो लोकांचा. 'जरा माझ्यासाठी एक टोपी विणून द्या हो, तुम्ही काय, बसल्या बसल्या कराल.' आणि हा लहान, तो माझा. एवढी वर्षं तुम्ही सगळे माझ्या पसाऱ्याला नावं ठेवत होता. माझा पसारा एवढाच आहे. बाकीचा तुमचा पसारा मी सांभाळत होते."

हे त्यांचं त्यांनाही बोलता बोलताच कळलं होतं. मग त्यांनी पिशव्या भरल्या आणि बाहेर पडल्या.

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर होते. "डॉक्टर, तुमचा मफलर."

"अरे वा, झाला?"

"नाही. अर्धा झालाय. सुया आतच आहेत. उरलेला तुम्ही विणा, नाहीतर उसवा."

डॉक्टर हसले. बाई हसत नाहीत हे पाहून थांबले. "मला कुठे येतं हो विणायला?"

"संध्याकाळी या, शिकवते. एवढ्याशा तोंडात एवढाले हात घालता, दोन सुया काय जड आहेत?"

कचेरीतल्या जुन्या मैत्रिणीला तिच्या नातवाचा एका बाहीचा स्वेटर मिळाला. नातू आता कॉलेजात जात होता. मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढी घुश्शात का?" बाई म्हणाल्या, "घुश्शात नाही. मोकळी होतेय." समोरच्या इमारतीतल्या शेजारणीने मात्र तोंड फिरवलं आणि दार लावलं ते लावलंच, पुढे रस्त्यात भेटली तरी बोलली नाही. बाईंनी ते सोसलं. सगळ्यांना खूश ठेवायचं कंत्राट त्यांनी घेतलेलं नव्हतं.

शेवटी वन्संच्या दाराची घंटा वाजवली.

"वन्सं, तुमची शाल. शालीला बाह्या नसतात, म्हणजे सोपी आहे."

वन्संनी सुयांवर लटकणारा तो तुकडा हातात घेतला. "वहिनी, राग आलाय तुला. पण आम्ही तुझ्या भल्यासाठीच केलं. मुलीच्या सासरचे येणार, घर बघणार. उद्या बोल कोणाला लागणार? तुलाच."

"मला लागू दे की. बोल माझा आहे तर मी ऐकेन. तुम्हाला माझ्या वाटचं ऐकायला मी सांगितलं होतं का?"

"शिस्त म्हणून काही असते."

"असते. तुमच्या शाळेत मी येऊन कधी फळा पुसला का, वन्सं? त्यावर काय लिहिलंय ते न वाचता?"

वन्संनी तो तुकडा सुयांसकट आत नेऊन ठेवला. त्यांनी माफी मागितली नाही, बाईंनी अपेक्षाही केली नाही.

घरी आल्यावर दुसरा अंक सुरू झाला. हॉलमध्ये जागा किती आणि ती खातंय कोण, हे बाईंनी नीट बघितलं. लेकीची व्यायामाची सायकल होती, तिच्यावर टॉवेल वाळायचे. नवऱ्याचे बंद पडलेले रेडिओ होते, दुरुस्त करीन म्हणून ठेवलेले. शोकेस होती, वन्संनी लग्नात दिलेली. तिच्यात कधी न वापरलेले कप आणि कोणाचीतरी बक्षिसाची ढाल. आणि तो सोफा, ज्याच्यावर घरातलं कोणीही बसत नसे, कारण तो पाहुण्यांसाठी होता.

त्यांनी नवऱ्यापुढे मोठा कागद अंथरला. "अहो, घराचा नकाशा काढा."

"काढतो. बैठकीची खोली इथे, मग—"

"तिथून नाही. आधी माग काढा. खिडकीपाशी, उजेडात. मग मला बसायला उठायला जागा. मग लोकरीची भिंत. आणि मग उरलेलं घर त्याच्याभोवती बसवा."

त्याने पेन्सिल हातात धरली, पण काढली नाही रेघ. "अगं, पण सोफा बसणार नाही यात."

"मग नाही बसणार."

"शोकेस?"

"ती वन्संकडे चांगली शोभेल."

त्याने खिडकीपाशी मागाचा चौकोन काढला. मग म्हणाला, "रेडिओ?"

"तुम्ही सांगा. नकाशा तुमचा आहे."

त्याने एक रेडिओ ठेवला, त्याच्या वडिलांचा. बाकीचे दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिले, आणि देताना प्रत्येकावरून हात फिरवला. सोफा खालच्या डॉक्टरांनी रुग्णांना बसायला नेला. शोकेस दोन हमालांनी एक मजला खाली उतरवली. वन्संनी दार उघडून तिला आत घेतलं, पण बाईंशी दिवसभर बोलल्या नाहीत. लेक सायकलवरून भांडली, रडली, "माझं लग्न आहे आणि तुला लोकर सुचतेय" असं म्हणाली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि सायकल तिच्या खोलीत ढकलून दिली.

आठवडाभरात माग बाल्कनीतून खिडकीपाशी परत आला आणि भिंतीला उघड्या फळ्या लागल्या. बंद डबे बाईंना नको होते. बंद केलेलं दिसत नाही, दिसलं नाही की पुन्हा विकत आणलं जातं, आणि अंधारात कसर माजते. रंगकाम फक्त बाल्कनीत. न्हाणीघरात एक धागा दिसणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. रंग गाळायला पळवलेल्या गाळण्या पुन्हा चहाच्या झाल्या. घर खरंच आवरलं होतं. सुई हवी म्हटलं की हात थेट सुईवर जात होता.

हॉटेलातली भेट गोडीने पार पडली होती; ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी पाहुणे घरी आले. मुलाच्या आईने आत पाऊल टाकलं आणि बसायला जागा शोधली. मागाशिवाय त्या खोलीत दिसत होती ती एक जाड गादी, चार उशा आणि दोन वेताच्या खुर्च्या. मुलाचे वडील मुकाट्याने गादीवर बसले, गुडघे कुरकुरले. मुलाची आई खुर्चीवर टेकली, अर्धीच. चहा झाला. मुलांच्या नोकऱ्या झाल्या. मग मुलाच्या आईने मागाकडे बोट केलं.

"हे इथेच असतं?"

"हो. इथेच."

"लग्नानंतर आमच्याकडची मंडळी येतील जातील. तेवढ्यापुरतं दुसरीकडे ठेवता येईल ना?"

लेकीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, बाईंना ती स्पष्ट दिसली. एक हो म्हणायचं होतं फक्त. पुढचं पुढे बघता आलं असतं. आयुष्यभर त्यांनी तसेच हो दिले होते, आणि ते सगळे ओव्हनमध्ये नि सुटकेसमध्ये जाऊन साठले होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "मंडळींना गादीवर बसवू. बसवायची हौस आहे मला. माग मात्र हलणार नाही."

नवऱ्याने घसा साफ केला. तो जन्मात कधी पाहुण्यांपुढे दोन वाक्यं बोलला नव्हता. "त्याची जागा मोजून ठरवलीय," तो म्हणाला. "मीच काढलाय नकाशा. दुसरीकडे बसत नाही तो."

मुलाच्या आईने "बरं" म्हटलं आणि रिकामा कप खाली ठेवला. पाहुणे गेल्यावर लेक आईवर उसळली. "जरा पडतं घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तुझं काही बिघडलं नसतं," बाई म्हणाल्या. "माझं बिघडलं असतं. आणि तू त्या घरात जाशील ना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुझं काहीतरी हलवायला सांगेल. त्या वेळी काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. मी तुला नाही म्हणून दाखवलं, एवढंच."

लेक दोन दिवस धुसफुसली. लग्न व्हायचं ते झालंच. मुलाला मागाशी काही देणंघेणं नव्हतं. विहीणबाईंचं मत काही बदललं नाही. त्या येतात, वेताच्या खुर्चीवर बसतात आणि कोणाला तरी फोनवर सांगतात की यांच्याकडे बसायची पद्धत जरा वेगळी आहे. गुंडाबाई त्यांना चहा देतात आणि उरलेलं त्यांच्यावर सोपवतात.

कापलेल्या पांघरुणाचं काय करायचं, हा प्रश्न नवऱ्याला बाईंपेक्षा जास्त छळत होता. लग्नाची धावपळ संपल्यावर एका सकाळी तो ती गुंडाळी पुढे घेऊन बसला. "टोकाला टोक बांधता येतं म्हणे. मी वाचलं. एकेक गाठ मारून देतो, माझा हात बारीक कामाला बसलेला आहे."

"येतं बांधता," बाई म्हणाल्या. "पण मी बांधणार नाही. कापलं ते कापलं. गाठी मारत बसले तर प्रत्येक गाठीला तुमच्या हाताची आठवण होईल, आणि मला ती धरून बसायची नाही." त्यांनी तो तुकडा घेतला, दुमडला आणि मागाच्या बाकावर घातला. बसून बघितलं. "हं. मऊ आहे."

त्याच दुपारी त्यांनी नवा ताणा चढवायला काढला. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने मागाशी रूळ फिरवायचा आणि दुसऱ्याने धागे घट्ट ओढून धरत हळूहळू पुढे यायचं. ओढ सैल पडली की सगळं कापड वाकडं जातं. आजवर बाई खुर्चीला दोर बांधून कसंबसं एकट्याने निभावायच्या, कारण कोणाला बोलवायचं म्हणजे त्याची सवड बघावी लागायची. आज नवरा स्वतःहून उठला, धाग्यांचा जुडगा दोन्ही मुठींत धरला आणि मागे सरकत सरकत पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. सोफा नव्हता, म्हणून जाता आलं.

"केवढा लांब हा," तो तिथून म्हणाला. "विणणार काय आहेस?"

"अजून ठरलं नाही."

"कोणासाठी?"

"ते ठरलंय." बाईंनी रुळाला हात घातला. "घट्ट धरा. आणि मी सांगितल्याशिवाय पुढे यायचं नाही."

तो पाय रोवून उभा राहिला.